देव मानत नाही, पण…

आषाढी वारीच्या वाटेवर ज्ञानोबांची पालखी पुण्यात भवानी पेठेत मुक्कामाला असते आणि तुकोबांची नाना पेठेत. त्या दिवसांत कॉलेजांतली एनएसएसची मुलं पेठांमधून पाणी देत, पत्रावळ्या गोळा करत, रस्ते झाडत फिरतात. वारी पुढे गेली की मी आमच्या मुलांशी बोलायला बसते. बरीचशी मुलं सुरुवातीलाच सांगून टाकतात, "मॅडम, मी काही देव मानत नाही." आणि मग तासभर वारीबद्दलच बोलत राहतात.

एक मुलगा पाया पडण्याबद्दलच बोलत होता. वारकरी भेटले की दोघेही वाकतात, वय बघत नाहीत, शिक्षण बघत नाहीत. आजोबांच्या वयाचा माणूस याच्या पायाशी वाकला तेव्हा हा घाबरून मागे सरकला. "आजवर माझ्या पाया कोणी पडलं नव्हतं," म्हणाला. मग तोही वाकला. परभणीच्या एका मुलीची आजी दरवर्षी वारीला जायची, पण तिथं काय असतं हे घरात कुणी तिला विचारलं नव्हतं. एका अनोळखी बाईच्या भेगाळलेल्या टाचांना मलम लावताना या मुलीला ते जाणवलं आणि त्या रात्री तिनं होस्टेलवरून आजीला फोन लावला.

गाव सोडून आलेली ही मुलं कॉट बेसिसवर राहतात, मेसमध्ये जेवतात आणि दिवसचे दिवस अभ्यासिकेत काढतात. त्यांना श्रद्धेबद्दल विचारलं जातं तेही वस्तुनिष्ठ प्रश्नासारखं: आहे की नाही, एक पर्याय निवडा. वारीत त्यांना हे कुणी विचारत नाही. तिथं टाळ हातात देतात, पंगतीला बसवतात. श्रद्धा आधी आणि सोबत नंतर, असा क्रम आपण धरून चालतो. माझ्या अनुभवात तरुण मुलांच्या बाबतीत तो बहुतेक वेळा उलटा असतो, आणि त्यात मला काहीही कमीपणा वाटत नाही.

मात्र या सोबतीला मर्यादा होत्या, हेही मुलांना कळायला हवं. डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या इरावती कर्वे दिंडीबरोबर चालल्या होत्या. एकाच दिंडीतले ब्राह्मण आणि मराठा वारकरी अभंग एकत्र म्हणायचे आणि जेवायला वेगळे बसायचे, याचं दुःख त्यांनी 'वाटचाल' या लेखात मांडलं आहे. चोखोबांची समाधी विठ्ठलाच्या महाद्वारापाशी आहे, पण अस्पृश्य मानल्या गेलेल्या त्यांच्या माणसांना मंदिरात जाता यावं म्हणून 1947 मध्ये साने गुरुजींना पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं.

हे सगळं मी मुलांना सांगितलं. ते ऐकून तो पाया पडलेला मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ते आजोबा माझ्या पाया पडले. पण त्यांच्या घरी मला पंगतीला बसवलं असतं का?" देव आहे की नाही यापेक्षा हा प्रश्न मला अधिक आध्यात्मिक वाटतो. उत्तर माझ्याकडे नव्हतं. पुढच्या वर्षी तो आणि आणखी काही जण सासवडपर्यंत दिंडीबरोबर चालणार आहेत, तिथंच जेवणार, तिथंच झोपणार आहेत. दिवे घाट चढायचा तर पुण्यातून पहाटेच निघावं लागतं आणि त्या दिवसांत कॉलेज सुरू असतं. हजेरीचं मी बघेन, असं त्यांना सांगितलं आहे.