स्केलेटॉर मरत का नाही?

‘ही-मॅन’ या सचेतपट मालिकेत इटर्निया ग्रहावरील स्केलेटॉर दर वेळी हरूनही निसटतो कसा, हा वाद दूरदर्शनच्या काळी बदलापूरच्या अंगणांतूनही रंगे. समीक्षेच्या लेखी तो पोरखेळ. वस्तुतः तो पात्रमीमांसेचा प्रश्न आहे. १९८२ मध्ये आलेल्या खेळण्यांचा खप वाढावा म्हणून १९८३-८५ या काळात १३० भाग निघाले. खलनायक मेला, तर त्याची बाहुली कोण घेणार? हे अमरत्व कथेने नव्हे, दुकानाने दिलेले आहे. जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीतील यंत्रमानवाला असे अभय नाही. त्याचा धोका द्वेषातून नव्हे, बुद्धीतून उद्भवतो; म्हणूनच त्याच्याविषयी वाद घालता येतो. स्केलेटॉरची बाजू घेणारी मुले मात्र लेखकाने न दिलेला हेतू त्याला स्वतः पुरवीत. विज्ञानसाहित्य शिकविताना या वादापासून प्रारंभ करण्यास मराठी विभागांनी संकोचू नये.