उंदराचे फुप्फुस आणि माणसाचा श्वास

धूळ आणि धूर यांनी श्वासरोग जडतो, हे चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सतराव्या अध्यायाने केव्हाच सांगून ठेवले आहे. धाराशिव जिल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर तुराट्या-गोवऱ्यांच्या चुलीपुढे ज्यांचे आयुष्य गेले, ज्यांनी कधी विडीला हात लावला नाही आणि तरीही ज्या चार पायऱ्यांत धापा टाकतात, त्या आजीबाईंना ते कोणी शिकवायला नको. प्रश्न त्यांच्या उपचाराचा आहे. आणि नेमके तेथेच वनौषधींचे बरेचसे संशोधन उंदराच्या पिंजऱ्यापाशी अडून बसले आहे.

विधी ठरलेला. उंदरांना काही महिने सिगारेटचा धूर द्यायचा, किंवा इलॅस्टेज हे विकर श्वासनलिकेत सोडून फुप्फुसातील वायुकोश फाडायचे. मग अडुळशाचा, पिंपळीचा अथवा हळदीचा अर्क पाजायचा. सूज उतरली की शोधनिबंध सिद्ध! परंतु उंदीर खोकत नाही. माणसाच्या श्वासनलिकांत असतात तशा कफग्रंथी त्याच्या श्वासनलिकांत जवळजवळ नसतातच. खोकला आणि कफ हीच ज्या व्याधीची ओळख, तिच्या औषधाचा निवाडा या मुक्या प्राण्यावर सोपवण्यात कोणते शास्त्र आहे? विषबाधेची पूर्वपरीक्षा म्हणून अशा प्रयोगांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. मात्र पूर्वपरीक्षेलाच पदवी समजण्याची ही हौस रुग्णाच्या पदरात काहीच टाकत नाही.

‘ग्रंथात सर्व आहे, परीक्षा कशाला?’ असे म्हणणाऱ्या स्वकीयांचीही गय करता येणार नाही. अडुळशातील व्हॅसिसीनच्या धाग्यावरून जर्मन कंपनीने ब्रोमहेक्सिन घडवले आणि 1963 मध्ये बाजारात आणले. येथे मात्र काढ्याचा अभिमान तेवढा उकळत राहिला. हळदीचे अमेरिकन पेटंट 1997 मध्ये रद्द झाले, तो विजय खराच. पण ती लढाई मालकीची होती, गुणाची परीक्षा त्यातून झालेली नाही.

आता तर कायद्यानेही वाट मोकळी केली आहे. 2023 च्या दुरुस्तीने नव्या औषधांच्या नियमांत प्राण्यांवाचून होणाऱ्या चाचण्यांना, म्हणजे मानवी पेशींवरील आणि संगणकावरील परीक्षांना, मान्यता मिळाली.

धाराशिव शहरात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. मग दोघांनी एकत्र का बसू नये? रुग्णाचे चालू श्वसनौषध न थांबवता, तिच्या लेखी संमतीने, नीतिसमितीच्या देखरेखीखाली, निम्म्या रुग्णांना शास्त्रोक्त कल्प जोडून द्यावा आणि वर्षभर नोंदी ठेवाव्यात. त्याला लागते काय? फुंकर मोजणारे यंत्र, सहा मिनिटांची चाल मोजण्यासाठी तीस मीटरचा मोकळा व्हरांडा, आणि निष्कर्ष प्रतिकूल आला तरी तो छापण्याची तयारी. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींची तजवीज शासनाने करावी; तिसरी वैद्यमंडळींनी करायची आहे.