वाळूवर डाग? आधी रंग ओळखा, बॉस!

शुक्रवारची रात्र. ऑफिसातून थकूनभागून घरी आलात, दिवे मंद केलेत, सोफ्यावर टेकलात आणि लाडक्या सॉल्टवॉटर टँककडे नजर टाकलीत. आणि हे काय? पांढरीशुभ्र वाळू चक्क तपकिरी! कुणीतरी वरून कोको पावडर भुरभुरवल्यासारखी. पहिला विचार काय येतो? सगळं उपसा आणि धुऊन काढा!

थांबा. हा पराक्रम मी करून बसलोय. दिवाळीच्या साफसफाईचा जोश अंगात होता. सगळी वाळू बादलीत काढली, नळाखाली खळखळून धुतली आणि परत टाकली. टँक एकदम चकाचक! पण वाळूतले उपयोगी बॅक्टेरिया त्या धुण्यात खलास झाले. माशांनी सोडलेला अमोनिया पचवायला कुणी उरलंच नाही. चौथ्या दिवशी क्लाउनफिशची जोडी गेली. घरात दिवाळी आणि आपण टँकसमोर मान खाली घालून बसलेलो.

तेव्हापासून एकच नियम. आधी रंग ओळखायचा, मगच पाण्यात हात घालायचा.

तपकिरी भुकटी: टँक नवा असेल तर हे बहुतेक डायटम. सिलिकाचं कवच असलेलं सूक्ष्म शेवाळ. पाण्यातल्या सिलिकेटवर ते पोसतं आणि सिलिकेट संपलं की काही आठवड्यांत आपोआप ओसरतं. तोवर पाणी बदलताना वरचा थर नळीनं ओढून घ्या. पाणी मात्र आरओ-डीआयचंच, टीडीएस मीटरवर शून्य दाखवणारं. किचनमधला प्यायचा आरओ इथे चालत नाही. चवीसाठी त्यात क्षार मुद्दाम ठेवलेले असतात.

मरून साय: दुधावरच्या सायीसारखा अख्खा पापुद्रा निघतो? मग हे सायनोबॅक्टेरिया. यांना कमी लेखू नका. 240 कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन भरला तो यांच्याच पूर्वजांनी! जास्त खाणं आणि साचलेलं पाणी हे यांचं आवडतं वातावरण. पापुद्रा ओढून काढा, माशांचं खाणं कमी करा, पंपाचं तोंड त्या कोपऱ्याकडे वळवा. अँटिबायोटिकचा शॉर्टकट नको. त्यात आपले बॅक्टेरियाही दगावू शकतात.

बुडबुडेवाला शेंबूड: शब्द घाणेरडा आहे, पण दुसरा सुचत नाही! तपकिरी, चिकट तार, तिला अडकलेले बुडबुडे. रात्री कमी, दुपारी पुन्हा हजर. हे डायनोफ्लॅजेलेट. गंमत म्हणजे हे अनेकदा अतिस्वच्छ टँकमध्ये येतात. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य असतील तर पाणी बदलत सुटू नका, त्यानं प्रकरण आणखी चिघळतं. दोन्ही थोडे वाढू द्या.

काळे पट्टे: काचेलगत, खोलवर थोडा काळेपणा दिसला तर चालतो. तिथे ऑक्सिजन पोचत नाही, इतकंच. पण सडक्या अंड्याचा वास आला तर सावधान! तो हायड्रोजन सल्फाइड, माशांसाठी विष. जुना, खोल थर एकदम ढवळू नका. दर आठवड्याला थोडा-थोडा भाग साफ करा.

रोजच्या झाडूपोछ्याला नॅसॅरियस गोगलगायी ठेवा. दिवसभर वाळूत दडी मारतात आणि खाण्याचा वास लागला की सोंडा वर काढून धावत सुटतात. लाइट टायमरवर लावा, आठ तास पुरे. आणि चौपाटीवरची वाळू फुकट मिळते म्हणून पिशवी भरून आणू नका, प्लीज. तिच्यासोबत काय-काय घरात येईल, सांगता येत नाही.

माझ्या टँकमध्ये आता नवी जोडी आहे. परवा पुन्हा तपकिरी डाग दिसले. बादली आणायला उठलो, मग परत बसलो. कॉफी केली आणि नुसतं बघत राहिलो. डेडलाइनच्या जगात काहीच न करणं हेही एक कामच असतं, नाही का?