रानातलं फूल रानातच राहू द्या

अमेरिकेच्या पूर्व भागात वसंत ऋतूत जंगलात फिरायला गेलात, तर पायवाटेच्या कडेला पांढरी फुलं दिसतील. तीन पानं, त्यांच्यावर तीन पाकळ्या आणि पाकळ्यांखाली तीन छोटी हिरवी दलं. हे ट्रिलियम. नावातला ‘ट्रि’ म्हणजे तीन. आपल्या त्रिकोणातला, त्रिशूळातला ‘त्रि’ही तोच! ओहायोचं हे राज्य-रानफूल आहे.

फूल सुंदर आहे, पण तोडायचं नाही. ग्रेट स्मोकी माउंटन्ससारख्या राष्ट्रीय उद्यानात तर फुलं तोडायला कायद्यानेच बंदी आहे. आपल्यापैकी अनेकांना हा नियम जरा जास्तच कडक वाटतो. आपल्याकडे आजी रोज सकाळी परडीभर फुलं तोडते ना? मग एका फुलाने काय होतं?

माझ्या मते हा नियम अगदी बरोबर आहे. का, ते त्या झाडाकडे नीट बघितलं की कळतं.

आजीच्या जास्वंदीला शेकडो पानं असतात. आज फूल तोडलं, तरी उद्या दुसरी कळी उमलते. प्राजक्त तर आपली फुलं स्वतःच खाली टाकतो. ट्रिलियमचं तसं नाही. त्याच्या एका दांड्यावर तीनच पानं. वर्षभराचं अन्न ती तीन पानंच तयार करतात आणि जमिनीखालच्या कंदात साठवतात. फूल तोडताना बहुतेक वेळा पानंही हातात येतात. मग त्या वर्षी नवी पानं फुटत नाहीत. रोप अशक्त होतं, कधी कधी मरतंही.

दुसरं कारण आहे वेळ. बी पडल्यापासून पहिलं फूल यायला साधारण सात-आठ वर्षं लागतात, कधी त्याहून जास्त. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आठ वर्षांनी फुलणारी कारवी आहे. ती २०१६ मध्ये फुलली आणि मग २०२४ मध्ये. सगळी कारवी एकदम फुलते, म्हणून तिची बातमी होते. ट्रिलियमचं प्रत्येक रोप आपापली वर्षं मोजतं, म्हणून त्याचं वाट बघणं कुणाला दिसत नाही. आज पहिल्यांदा फुललेल्या ट्रिलियमचं बी जमिनीत पडलं, तेव्हा तुमच्यापैकी बरेच जण नुकते चालायला शिकले असतील!

तिसरं कारण म्हणजे मुंग्या. ट्रिलियमच्या बियांना एक तेलकट तुकडा चिकटलेला असतो. मुंग्यांना तो फार आवडतो. त्या बी ओढत वारुळात नेतात, तेलकट भाग खातात आणि बी टाकून देतात. तिथे ते रुजतं. पण मुंगी जाऊन जाऊन किती लांब जाणार? म्हणून एखाद्या जागेची ट्रिलियमं संपली, तर तिथे ती परत यायला फार वर्षं लागतात.

तुम्ही म्हणाल, “मग आम्ही काय फक्त लांबून बघायचं?” मुळीच नाही. पायवाट न सोडता खाली वाका, पाकळ्या मोजा, चित्र काढा. एखादं गुलाबी फूल शोधा. पांढरं ट्रिलियम जुनं झालं की गुलाबी होतं. फुलं तोडायचीच असतील, तर आपल्या अंगणातले डँडेलियन आहेतच, हवे तेवढे तोडा. आणि ट्रिलियम घरी लावायचं असेल, तर आईबाबांना नर्सरीत एक प्रश्न विचारायला सांगा: “हे रोप बियांपासून वाढवलेलं आहे, की जंगलातून उपटून आणलेलं?” उपटून आणलेलं असेल, तर घेऊ नका.

तुमचं मत वेगळं असेल, तर वर्गात जरूर मांडा. पण “एका फुलाने काय होतं?” असं विचारण्याआधी ट्रिलियमची पानं एकदा मोजून बघा.