स्वस्त गिटार आणि महाग हौस

स्नेहसंमेलन आटोपले, की आपल्या महाविद्यालयातील दहा-बारा जणांना तरी गिटार शिकण्याची ओढ लागते. दिवाळीपर्यंत त्यांतील बहुतेकांच्या गिटारी खोलीच्या कोपऱ्यात धूळ खात उभ्या असतात. 'माझ्या हातात सूरच नाही' असा निर्वाळा ती मंडळी स्वतःच देऊन टाकतात, आणि वडीलधारी माणसे 'आजच्या पिढीला चिकाटी नाही' असा दुसरा निर्वाळा देतात. माझ्या मते हे दोन्ही निर्वाळे घाईचे आहेत. पुष्कळदा दोष हाताचा नसतो, चिकाटीचाही नसतो. तो वाद्याच्या निवडीचा आणि निगेचा असतो.

आपण गिटार घेतो ती डोळ्यांनी. रंग, चकाकी आणि सोबत फुकट मिळणारी पिशवी पाहून सौदा ठरतो. वास्तविक पाच ते दहा हजार रुपयांतही शिकण्याजोगे वाद्य मिळू शकते; मात्र ते हातांनी आणि कानांनी पारखावे लागते. बाराव्या पडद्यापाशी तारेची उंची पाहावी. ती दोन-अडीच मिलिमीटर असेल तर ठीक. चारच्या घरात गेली, तर तार दाबताना बोटे सोलून निघतात आणि दाबाने सूरही चढतो. नवशिक्याला वाटते, चूक आपलीच! दुसरी परीक्षा अशी : तारेच्या बरोबर मध्यावर, म्हणजे बाराव्या पडद्याच्या वर, बोट नुसते टेकवून छेडावे आणि मग तीच तार तेथेच दाबून छेडावी. दोन्ही सूर एक आले पाहिजेत. न आल्यास ती गिटार कितीही जुळवली तरी वरच्या पडद्यांवर बेसूरच बोलणार. पूर्ण लाकडाच्या तबलीचा नाद अधिक खुलतो हे खरे. पण या किमतीत बहुधा थरांच्या लाकडाची तबली मिळते आणि ती हवेतील फरक अधिक सोसते. गरिबाला ही सोयच म्हणायची.

नायलॉनच्या तारांच्या गिटारीवर पोलादी तारा चढवण्याचा मोह मात्र कोणी करू नये. सहा पोलादी तारांचा एकत्रित ताण ७० किलोंच्या आसपास असतो. नायलॉनचा त्याच्या जवळजवळ निम्मा. तो भार न पेलून घोडी उखडते आणि तबली फुगते.

निगेचे शास्त्र अवघड नाही. कोकणातल्या पावसाळ्यात लाकूड ओल पिते व फुगते, तारा गंजतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात तेच लाकूड आकसते, पडद्यांची टोके बाहेर येऊन बोटांना टोचतात. म्हणून वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात, ओल्या भिंतीला गिटार टेकवू नये, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि उन्हात तापलेल्या मोटारीत ती कधीही विसरू नये. उष्णतेने सरस सुटतो. मिरजेचा तंबोरा ज्या घरात गवसणीत जपला जातो, त्याच घरात गिटार खुंटीला उघडी लटकते. परकी म्हणून का ही सावत्र वागणूक?

परकेपणाचे म्हणाल तर पेटीही युरोपातूनच आली. आकाशवाणीने १९४० साली तिला दार बंद केले आणि १९७१ साली ते काही अंशी उघडले. दरम्यान महाराष्ट्रातले भजन तिच्याविना कधी अडले नाही, पण तिच्यासाठीही थांबले नाही. ती दोघे एकत्रच नांदली. गिटारीवर राग वाजवून ब्रिजभूषण काब्रांनी १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये संतूर व बासरीच्या मांडीला मांडी लावली. वाद्याचे गोत्र विचारायचे, की त्यातून निघणारा सूर ऐकायचा?

आता मुद्द्याचे. ज्याच्या घरून दरमहा खर्चाला मोजके पैसे येतात, त्याने दहा हजार आणायचे कोठून? तो सर्वांत स्वस्त खोके विकत घेतो, बोटे सोलून घेतो आणि 'आपल्याला कला नाही' हे आयुष्यभर मनात धरून बसतो. नुकसान पैशाचे नाही, या समजुतीचे आहे. आपल्या महाविद्यालयाची वाद्ये वर्षातून एकदा, संमेलनापुरती, कपाटातून बाहेर येतात. त्यांच्यात पारखून घेतलेल्या चार गिटारींची भर घालावी आणि ग्रंथालयातील पुस्तकांप्रमाणे त्या पंधरा-पंधरा दिवस विद्यार्थ्यांना द्याव्यात. तारा बदलण्यासाठी नाममात्र वर्गणी घ्यावी. सुटीत तारा सैल करून ठेवण्याचे काम दोन विद्यार्थ्यांकडे सोपवावे. 'मुले मोडतील' हा आक्षेप येईलच. पण पुस्तकेही फाटतात. म्हणून ग्रंथालयाला कोणी कुलूप लावत नाही. आणि वाद्य वाजवल्याने जितके बिघडते, त्याहून अधिक ते कपाटात बिघडते, हे वाद्ये दुरुस्त करणारा कोणीही कारागीर सांगेल.

संमेलनाच्या मंडपावर होणाऱ्या खर्चातला थोडासा वाटा इकडे वळवला, तर पुढल्या वर्षी रंगमंचावर उसनी गिटार आणावी लागणार नाही. प्राचार्य आणि सांस्कृतिक मंडळ यांनी याचा विचार करावा. किल्ली त्यांच्याच हाती आहे.