आरोग्याच्या गप्पा : नुसती सर्दीच तर आहे!



गेल्या दिवाळीत मंडळाच्या फराळाला मी नाक पुसतच आले होते. ‘नुसती सर्दीच तर आहे,’ म्हणत भाचीचं दोन महिन्यांचं बाळ मांडीवर घेतलं, पापाही घेतला. आठवड्याभरात बाळ दूध पिईना, छातीत घरघर सुरू झाली. दोन रात्री हॉस्पिटलात ऑक्सिजन द्यावा लागला. तपासणीत आरएसव्ही हा विषाणू निघाला. मोठ्यांना त्याने बहुधा सर्दीच होते, तान्ह्या बाळांना मात्र श्वास घेणं अवघड होऊ शकतं. तो माझ्याकडूनच गेला असं कुणी म्हटलं नाही. माझ्या मनातून काही जात नाही.

आई नाशिकहून फोनवर म्हणाली, “टोपी घातली नसेल गं बाळाला!” टोपी होती. सर्दी होते ती विषाणूंमुळे. इथे इंग्लंडमध्येच सॉल्झबरीजवळ १९४६ पासून चाळीसहून अधिक वर्षं सर्दीवर संशोधन करणारं केंद्र होतं. तिथे स्वयंसेवकांना आंघोळीनंतर ओल्या अंगाने गार बोळात उभं केलं, तरी त्यांना जास्त सर्दी झाली नाही. हिवाळ्यात खिडक्या लावून आपण दाटीवाटीने बसतो, तेव्हा विषाणूंचं फावतं.

सर्दीचे विषाणू शंभराहून अधिक, म्हणून सगळ्यांवर एक लस नाही. पण आरएसव्हीवर आहे. इथे २०२४ पासून गरोदर बायकांना २८व्या आठवड्यापासून ती मोफत मिळते आणि बाळाला जन्मापासून संरक्षण देते. घरात पंचाहत्तरीचे आजी-आजोबा असतील तर त्यांच्यासाठीही जीपीकडे विचारा.

बाकी उपाय साधे. साबणाने वीस सेकंद हात धुवा, शिंक टिश्यूत घ्या, खिडकी थोडी उघडा. भारतातून बॅगेत आणलेली अँटिबायोटिक्स सर्दीवर चालत नाहीत. सहा वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं मनाने देऊ नका. आणि आज्यांनो, वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. त्यातून क्वचित, पण गंभीर विषबाधा होते.

बाळ नेहमीच्या निम्मंही दूध पीत नसेल तर १११ला फोन करा. श्वास घेताना फासळ्या आत ओढल्या जात असतील किंवा ओठ निळे दिसले, तर थेट ९९९.

यंदा मला सर्दी झालीच, तर चकल्यांचा डबा दाराशी ठेवून लांबूनच हात जोडीन. कुणी रागावू नका.

शुभ दीपावली!