जुळ्यांचं दुखणं

गेली २२ वर्षे मी बँकेत कारकुनी करतो आहे. या काळात माझ्या हातून चुका पुष्कळ झाल्या. पण दोन माणसांना मी एकच खातेनंबर दिला, असं माझा वैरीही म्हणणार नाही. दिला असता तर मेमो, चौकशी, इन्क्रिमेंट बंद असा सगळा सोहळा यथासांग पार पडला असता. हाच गुन्हा एका कारखानदाराने राजरोस केला आणि वर मलाच ऐकवलं, "नंबर तुमचा तुम्ही बदलून घ्या!"

झालं असं, की आमच्या सोसायटीच्या गच्चीवरची टाकी रोज वाहते. त्यावर उपाय म्हणून माझ्या भाच्याने पत्त्यांच्या कॅटाएवढे दोन लिनक्स संगणक आणले. अख्खा संगणक एका बोर्डावर! एकाने गच्चीवर पाण्याची पातळी बघायची, दुसऱ्याने खाली पंप बंद करायचा आणि दोघांनी वायफायवरून बोलायचं. प्रत्यक्षात वरचा बोलू लागला की खालचा गप्प, खालचा बोलला की वरचा बेशुद्ध. असा संवाद मी फक्त माझ्या घरी पाहिला आहे. पण तिथे गप्प कोणी बसायचं ते निदान ठरलेलं आहे. पहिल्याच दिवशी टाकी दीड तास वाहिली आणि सेक्रेटरी छत्री घेऊन आमच्या दारात उभे.

"मामा, दोघांचा मॅक ॲड्रेस एकच आहे," भाच्याने निदान केलं.

मॅक ॲड्रेस म्हणजे यंत्राचा जन्मनंबर. ४८ बिटांचा, लिहायला बारा अक्षरी. असे २८१ लाख कोटी नंबर होऊ शकतात, म्हणजे टंचाई मुळीच नाही. आय ट्रिपल ई ही संस्था पैसे घेऊन कारखानदाराला नंबरांचा गठ्ठा देते. मोठ्या गठ्ठ्यात १ कोटी ६७ लाख निघतात. त्यातला एकेक त्याने प्रत्येक यंत्रात कोरायचा. पण काही स्वस्त बोर्डांत वायफायची चिप कोरीच राहते. मग ड्रायव्हर सोबतच्या फाइलमधला नमुन्याचा नंबर उचलतो. फाइल सगळ्यांना एकच, म्हणून नंबरही एकच! स्लिपच्या नमुन्यावर 'अ. ब. क.' छापलंय म्हणून साऱ्या गावाने अ. ब. क.च्या खात्यात पैसे भरावेत, तसंच हे.

यावर उत्तर काय, तर "लिनक्स आहे, नंबर बदलता येतो." अहो, बदलता येणं ही सोय, बदलावा लागणं ही शिक्षा. "किंमत बघा ना!" हे दुसरं उत्तर. बघितली. पण स्वस्त धर्मशाळेतसुद्धा दोन खोल्यांना एक नंबर नसतो. आणि यात खर्च कसला? २०१२ साली आलेल्या रास्पबेरी पायने बोर्डाच्याच अनुक्रमांकाची शेवटची सहा अक्षरं मॅक ॲड्रेसच्या शेवटी लावली आणि प्रश्न मिटवला.

आमचा मात्र मिटता मिटेना. भाच्याने आधी दर वेळी सुरू होताना नवा नंबर घेण्याची युक्ती केली. त्यामुळे राउटर रोज त्याच बोर्डाला "आपण कोण?" विचारू लागला आणि राखून ठेवलेला आयपी पत्ता वाया गेला. मग नेटवर्क मॅनेजरमध्ये त्याने कायमचा नंबर लिहिला. घरच्या घरी दिलेल्या अशा नंबरातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असावं लागतं, म्हणजे कारखान्याच्या नंबराशी टक्कर होत नाही. सगळं चोख करून त्याने तेच मेमरी कार्ड दुसऱ्या बोर्डासाठी कॉपी केलं आणि जुळी पुन्हा जन्माला आली! शेवटी प्रत्येक बोर्डाने स्वतःच्या प्रोसेसरच्या अनुक्रमांकावरून आपला नंबर बनवायचा, असं ठरलं. तेव्हा कुठे टाकी वाहायची थांबली आणि सेक्रेटरींनी छत्री मिटली.

आपल्याकडे बाराव्या दिवशी मुलाचं बारसं करतात. गरिबाघरीही ते चुकत नाही. कारखानदारांनो, माल खुशाल स्वस्त द्या. पण बारा अक्षरांचं बारसं तेवढं आईबापांनीच उरकून पाठवा. पाळण्याची दोरी गिऱ्हाइकाच्या हातात देऊ नका!